आम्ही, आपण आणि ते : आणीबाणीविषयक मराठी वाङ्मयाचा एक विचार

१

आणीबाणीचा विषय निघाला म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते कऱ्हाडचे व्यासपीठ. डिसेंबर १९७५ मध्ये तेथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे त्या वेळी केंद्रात मंत्री होते. मुंबईत रुग्णशय्येवर असलेल्या जयप्रकाश नारायणांना आराम पडावा म्हणून दुर्गाबाईंनी त्या मंडपात प्रार्थना करविली. पुढे १९७६ साली ग्रंथालयातून त्यांना अटक झाली. हा सर्व वृत्तान्त आपल्या वाङ्मयेतिहासात यथोचित गौरवाने नोंदला गेला आहे आणि त्या गौरवात उणे करावे असे काही नाही. तथापि त्या मंडपात प्रार्थनेसाठी जो समुदाय उभा राहिला, त्याच्याविषयी आपले वाङ्मय काय सांगते, असा प्रश्न कोणी केला तर आपण अडखळतो. ते लोक कशासाठी उभे राहिले? उभे राहण्यापूर्वी कोणी शेजाऱ्याकडे पाहिले काय? सरकारी नोकरीत असलेल्या एखाद्या शिक्षकाचे पाय जड झाले असतील काय? अध्यक्षांचे धैर्य आपल्याला ठाऊक आहे. श्रोत्यांचे धैर्य, किंवा त्यांची भीती, आपल्याला ठाऊक नाही.

घटनाक्रम वाचकांच्या परिचयाचा आहे. तरी विवेचनाच्या सोयीसाठी तो थोडक्यात सांगते. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला लोकसभेच्या ३५२ जागा मिळाल्या. अशा बहुमताने निवडून आलेल्या नेत्याच्या हाती सत्ता क्रमाक्रमाने एकवटत गेली आणि त्याच सुमारास महागाई, टंचाई व भ्रष्टाचार यांनी गांजलेले लोक रस्त्यावर येऊ लागले. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीच्या बिलावरून पेटलेले आंदोलन फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्यापर्यंत गेले. ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर जयप्रकाशांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरविली, २५ जूनला दिल्लीच्या रामलीला मैदानावर प्रचंड सभा झाली आणि त्याच रात्री आणीबाणी पुकारण्यात आली. ती उठली २१ मार्च १९७७ रोजी, निवडणुकीत पंतप्रधानांचा व त्यांच्या पक्षाचा पराभव झाल्यानंतर. मधल्या काळात, शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे, ‘मिसा’खाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली आणि भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक झाली.

एवढ्या मोठ्या घटनेचे मराठी वाङ्मय तपासले तर त्यात उत्तम भाषणे आहेत, उत्तम पत्रे आहेत, तुरुंगातील आठवणी आहेत. एकट्या माणसाने दिलेला नकार कसा पारखावा हे आपल्या टीकेला चांगले समजते. अनेकांनी मिळून दिलेला नकार मात्र तिच्या मापात बसत नाही, आणि म्हणून तो बहुधा लिहिलाही गेलेला नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची कारणे शोधण्याचा यत्न केला आहे.

२

माझे वास्तव्य बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. समुदायाच्या नकाराचा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो प्रथम शब्दांचा प्रश्न म्हणून. रस्त्यावर उतरलेल्या लोकांसाठी या दोन शेजारी भाषांत पुष्कळसे समान धन आहे. आपली चळवळ कन्नडमध्ये ‘चळवळी’ आहे, मिरवणूक ‘मेरवणिगे’ आहे, धरणे ‘धरणि’ आहे. परंतु ज्या क्रियेला मराठी वृत्तपत्रे ‘निषेध’ किंवा ‘निदर्शने’ म्हणतात, तिला कन्नड माणूस ‘प्रतिभटने’ म्हणतो. निषेधात नाकारणे आहे, निदर्शनात दाखविणे आहे. प्रतिभट म्हणजे समोर उभा ठाकलेला योद्धा, त्यामुळे ‘प्रतिभटने’त समोरासमोर उभे राहणे आहे. एका भाषेत ती मुख्यतः सांगण्याची गोष्ट आहे, दुसरीत उभे राहण्याची.

मराठीत लोक एकत्र आले की त्यांना काय म्हणावे याचा निर्णय बहुतेक वेळा सरकारच करीत आले आहे. ‘जमाव’ हा शब्द आपण वापरतो तो प्रायः जमावबंदी, बेकायदेशीर जमाव, जमाव पांगविला, अशा पोलिसी प्रयोगांत. त्याहूनही चमत्कारिक शब्द आपल्या ठाण्यांतील फिर्यादींत आढळतो : ‘गैरकायद्याची मंडळी’. कीर्तनकार ज्या शब्दाने श्रोत्यांना साद घालतो, घरातला कर्ता पुरुष ज्या शब्दाने आपल्या माणसांचा उल्लेख करतो, तोच शब्द पाच माणसे जमली आणि त्यांचा हेतू सरकारच्या मनास आला नाही की गुन्ह्याचे नाव होतो. लेखकाने कोणता शब्द घ्यावा? ‘जमाव’ म्हटले की तो पोलिसाच्या जागी उभा राहिला. ‘जनता’ म्हटले की पुढाऱ्याच्या जागी. ‘गर्दी’ म्हटले की खिडकीत उभा राहून पाहणाऱ्या गृहस्थाच्या जागी.

नामापेक्षाही अधिक बोलके आहे ते सर्वनाम. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. आजच्या कन्नडमध्ये दोहोंसाठी ‘नावु’ हे एकच रूप पुरते. कन्नड वक्ता ‘नावु’ म्हणतो त्या प्रत्येक ठिकाणी मराठी अनुवादकाला ठरवावे लागते की, वाचकाला आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे. हा निर्णय वरकरणी व्याकरणाचा दिसतो, परंतु प्रत्येक वेळी तो घेताना माझा हात थांबला आहे. आणीबाणीच्या मराठी वाङ्मयाकडे मी याच चार सर्वनामांच्या बाजूने पाहते : मी, ते, आपण आणि आम्ही.

३

प्रथम ‘मी’. ज्या शहरात मी राहते तेथील मध्यवर्ती तुरुंगाचा आणीबाणीच्या इतिहासात मोठा भाग आहे. जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले मधु दंडवते यांना २६ तारखेला येथेच अटक झाली. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि प्रमिलाताई येरवड्याला, अशा अवस्थेत त्या दांपत्याचा पत्रव्यवहार चालला. याच तुरुंगात नाट्यकर्मी स्नेहलता रेड्डी १९७६ च्या मे महिन्यापासून होत्या. दम्याने त्या जर्जर झाल्या, १५ जानेवारी १९७७ रोजी पॅरोलवर सुटल्या आणि पाच दिवसांनी वारल्या. त्यांची दैनंदिनी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

या वाङ्मयाची महती निराळी सांगावयास नको. परंतु त्याचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. ज्यांना चळवळीने पुढे आणले त्यांना सत्तेने कोठडीत एकटे केले आणि त्यांच्या हातून जे लिहिले गेले ते एकटेपणाचे वाङ्मय ठरले. सत्तेचा हेतूच मुळी तो होता. लाखोंच्या सभेपुढे बोलणाऱ्या जयप्रकाशांनी चंडीगढच्या स्थानबद्धतेत जी दैनंदिनी लिहिली तिचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांडे यांनी केला आणि त्याचे नाव ‘स्वगत’. नाटकात स्वगत म्हणजे रंगमंचावरील इतरांनी ऐकावयाचे नाही असे भाषण. एका जनआंदोलनाचा मराठीतील एक महत्त्वाचा दस्तऐवज या नावाने ओळखला जावा आणि त्याचा अनुवादक १९७७ च्या प्रचारसभांतून हजारोंच्या समुदायाला हसविणारा व खवळविणारा वक्ता असावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. पुलंच्या त्या सभांना आलेल्या श्रोत्यांविषयी आठवणी पुष्कळ आहेत. त्या श्रोत्यांची कथा मात्र कोणी लिहिली नाही.

येथे दोष केवळ परिस्थितीचा नाही, आपल्या अभिरुचीचाही आहे. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) या पुस्तकात मर्ढेकरांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेचा निकष मांडला आणि पुढील पिढीच्या टीकेवर त्याचा खोल ठसा उमटला. नवकथेने व्यक्तिमनाचे सूक्ष्म व्यापार दाखविले. या दोहोंनी मराठी वाङ्मयाला खोटेपणापासून वाचविले हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्यामुळे अशी एक समजूत रुजली की, अनुभूती अस्सल असते ती एकट्याची, आणि चार माणसांत मिसळली की ती पातळ होते. समुदायात शिरलेला माणूस स्वतःला हरवितो असे आपण गृहीत धरले. तो तेथे स्वतःला सापडूही शकतो, ही शक्यता आपल्या टीकेने तपासलीच नाही.

४

‘ते’ या सर्वनामाचे वाङ्मय म्हणजे आपली राजकीय कादंबरी. अरुण साधूंची ‘सिंहासन’ (१९७७) ही त्यातील अग्रगण्य कृती. सत्तेच्या व्यवहाराचे इतके जाणते चित्रण मराठीत पूर्वी झाले नव्हते. संप, मोर्चे, दुष्काळाने पोळलेली माणसे हे सर्व तिच्या परिघात आहे. परंतु ते आपल्याला कळते मंत्र्यांच्या दालनांतून आणि वार्ताहराच्या नजरेतून. बाहेर लोक आहेत आणि आतले त्यांचा हिशेब करीत आहेत. साधूंना दालनच दाखवावयाचे होते, त्यामुळे ही त्यांच्या कादंबरीची उणीव म्हणता येणार नाही. पण पुढे याच दालनाला मराठी वाचक राजकारण समजू लागला आणि रस्त्याला केवळ पार्श्वभूमी.

याच्या नेमकी उलट बाजू संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत दिसते. तेथेही लोकनियुक्त सरकार होते आणि त्याच्या अरेरावीविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा मोरारजी देसाई होते, तेच पुढे आणीबाणीत बंदिवान झाले आणि १९७७ साली पंतप्रधान. शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या या चळवळीला आवाज दिला तो अण्णा भाऊ साठे, अमरशेख, गवाणकर या शाहिरांनी, आणि १९५६ पासून अत्र्यांच्या ‘मराठा’ने. शाहिरीचे रचनातंत्रच समुदायाचे आहे. शाहीर एक चरण टाकतो, झीलकरी तो उचलतात आणि ध्रुपदापाशी श्रोत्यांचाही गळा मिसळतो. ‘माझी मैना’ ही छक्कड एका दुरावलेल्या जोडप्याची आहे, पण ती ऐकताना गावी घरधनीण ठेवून मुंबईला आलेल्या प्रत्येक गिरणी कामगाराला ती आपली वाटली. येथे सर्वनाम आहे ‘आपण’. कन्नडमध्ये असाच चमत्कार सिद्धलिंगय्यांच्या ‘होलेमादिगर हाडु’ (१९७५) या संग्रहाने केला. त्यातील गाणी पुस्तकातून मोर्चात गेली आणि दलित संघर्ष समितीच्या कार्यकर्त्यांच्या कंठी राहिली.

मग १९७५ साली शाहिरी का थांबली? एक कारण उघड आहे : जमावबंदी असताना झील कोण धरणार? दुसरे कारण अधिक अवघड आहे. १९५६ मध्ये ‘आपण’ म्हणजे कोण, याविषयी संशय नव्हता. भाषेने ते ठरविले होते. १९७५ मध्ये ते तसे ठरलेले नव्हते. जयप्रकाशांच्या भोवती समाजवादी होते, जनसंघ होता, संघटना काँग्रेस होती, सर्वोदयी होते. तुरुंगाने त्यांना एके ठिकाणी बसविले, पण एका ध्रुपदात बांधणे कोणालाही शक्य नव्हते.

आणि ‘आपण’ नेहमी निरपराध असते असेही नाही. या बाबतीत मराठीतील सर्वांत कठोर साक्ष आणीबाणीच्या आधीची आहे. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आले. त्यात ब्राह्मणांची रांग हीच भिंत होते, हाच पडदा होतो, हेच नगर होते. ती झुलते, गाते, जे चालले आहे ते झाकते. अखेरीस हाच समुदाय खवळतो आणि कोतवालाचा बळी मागतो. नाना फडणवीस तो देऊन टाकतात आणि उत्सव जाहीर करतात. समुदायाला एक मस्तक मिळाले, परंतु ज्या सत्तेने कोतवाल घडविला ती जागची हलली नाही. या दृष्टीने पाहता, आंदोलनाने माणूस मागावा की व्यवस्था, हा प्रश्न तेंडुलकरांनी आणीबाणीच्या अडीच वर्षे आधीच विचारून ठेवला होता. १९७७ च्या जनतेच्या बाजूने एवढे नोंदविले पाहिजे की, तिचे मागणे केवळ एका व्यक्तीच्या पराभवापाशी संपले नाही. १९७८ साली ‘मिसा’ रद्द झाला आणि घटनेच्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणी पुकारण्याचा अधिकार आवळला गेला.

दुसरी साक्ष अधिक अस्वस्थ करणारी आहे. ‘गोलपिठा’ (१९७२) लिहिणारे नामदेव ढसाळ हे रस्त्यावरच्या माणसाच्या सर्वांत जवळ गेलेले मराठी कवी. त्यांनी १९७६ साली ‘प्रियदर्शिनी’ हे दीर्घकाव्य लिहिले, ते इंदिरा गांधींच्या गौरवाचे. याचा निकाल संधिसाधूपणा या एका शब्दात लावणे सोपे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या चाळींत दलितांनी जो रस्ता पाहिला होता, तेथील जमाव त्यांच्यावर चालून आला होता. आणि १९७७ च्या विजयोत्सवाला पुरते दीड वर्षही उलटले नव्हते तोच, जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात होताच, मराठवाड्यातील गावोगावच्या जमावांनी दलितांच्या वस्त्या पेटविल्या. हेही लोक ‘आपण’च म्हणत होते. समुदायाच्या नकाराचे वाङ्मय ज्याला लिहावयाचे आहे त्याला १९७७ च्या मतदारांच्या रांगा आणि १९७८ मधील गावांचे धूर, ही दोन्ही चित्रे एकाच दृष्टीच्या टप्प्यात ठेवावी लागतील. एकाला जनता आणि दुसऱ्याला जमाव म्हणून मोकळे होणे ही शब्दांची चलाखी आहे, आणि मागे पाहिल्याप्रमाणे ती पोलिसांनाही येते.

५

उरले ‘आम्ही’. विनय हर्डीकरांचे ‘जनांचा प्रवाहो चालिला’ (१९७८) हे पुस्तक मला या दृष्टीने आणीबाणीच्या मराठी वाङ्मयात मध्यवर्ती वाटते. आणीबाणी आणि तिच्या शेवटी आलेली निवडणूक यांचा हा वृत्तान्त एका तरुण कार्यकर्त्याने लिहिलेला आहे. त्याने आपली बाजू निवडलेली आहे, ती तो लपवीत नाही, आणि तरीही स्वतःच्या बाजूच्या माणसांकडे चिकित्सक नजरेने पाहतो. वाचकाला तो ‘आपण’ म्हणून परस्पर गृहीत धरीत नाही आणि लोकांना ‘ते’ म्हणून दूरही लोटत नाही. ‘आम्ही असे केले, तुम्ही काय ते ठरवा’ अशी ही भूमिका आहे. ‘आम्ही’ या सर्वनामाचा प्रामाणिकपणा याच मर्यादेत आहे : ऐकणारा बाहेर आहे याचे त्याला भान असते.

पुस्तकाचे नाव रामदासांच्या शब्दांवरून घेतलेले आहे. लोकांचा प्रवाह वाहता राहिला की कार्य साधते आणि तो ठिकठिकाणी तुंबला की ते फसते, असा त्या वचनाचा आशय. समुदायाविषयी इतके नेमके विधान मराठीत क्वचितच झाले असेल. समर्थांना गर्दीच्या आकाराचे कौतुक नाही, तिच्या गतीची चिंता आहे. आणीबाणी म्हणजे हे तुंबणे होते. आणि १९७८ मध्ये मराठवाड्यात जे झाले तेही एका अर्थी तुंबणेच होते, जातीच्या बांधापाशी.

या पुस्तकाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९८१ साली राज्य पुरस्कारासाठी त्याची निवड झाली असता शासनाने तो नाकारला. त्यानंतर चार दशके उलटली, सत्ता अनेकदा बदलली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगाच्या आठवणींच्या, अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार शासनाने रद्द केला. दोन्ही पुस्तकांची विचारसरणी परस्परांपासून दूर आहे, दोन्ही वेळची सरकारेही वेगवेगळ्या पक्षांची. समान आहे ते एवढेच की, जाणकारांनी निवडलेले पुस्तक शासनाला गैरसोयीचे वाटले. दुसऱ्या प्रसंगी काही लेखकांनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले, काहींनी पुरस्कार परत केले. ती बातमी वाचली त्या रात्री माझ्या मेजावर एक अपुरा अनुवाद पडला होता. अनुवादकाला आपण नेहमी पडद्यामागचा माणूस समजतो. पडद्यामागेही कोणी येऊन पाहते, हे मला त्या दिवशी कळले आणि माझ्या वाक्यांतील एक विशेषण मी विनाकारण सौम्य केले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत् केले. परंतु ते सौम्य करणारा हात माझाच होता. कऱ्हाडच्या मंडपातील त्या अनाम शिक्षकाविषयी मला जे कुतूहल वाटते त्याचे मूळ येथे आहे.

६

शेवटी मी राहते त्या जागेकडे येते, कारण ‘ते’ म्हणण्याची सवय कशी लागते हे मला येथेच समजले. इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी १९७८ च्या सुमारास कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर झाली. शहरातून येथे येण्यासाठी २०१० पासून सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून मेट्रोही आहे, आणि तीही वरूनच धावते. आम्ही येथील रहिवासी होसूर रस्त्यावरून जातो असे म्हणतो, पण बहुधा जातो ते त्याच्या डोक्यावरून.

१८ आणि १९ एप्रिल २०१६ रोजी या रस्त्यावर तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार उतरले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. भविष्य निर्वाह निधीची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत पूर्णपणे काढता येऊ नये असा नियम केंद्र सरकारने केला होता. कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिली नव्हती, पुढारी नव्हता, व्यासपीठ नव्हते. दुसऱ्या दिवशी हिंसाही झाली, बसगाड्या जळल्या, हेब्बगोडीच्या पोलीस ठाण्यावर चाल झाली. त्याच दिवशी सरकारने नियम मागे घेतला. मी तेव्हा वरच्या मार्गावर अडकलेल्या एका मोटारीत होते. खाली डोकी दिसत होती, आवाज येत होता, अर्थ लागत नव्हता. मोटारीतील आम्ही सर्व जण ‘ते लोक’ म्हणत होतो.

पुढे त्यांच्यापैकी एका बाईची ओळख झाली. त्या दिवशी काय घडले असे मी विचारले, तेव्हा तिने नियमाचे नाव घेतले नाही, सरकारचेही नाही. शेजारच्या यंत्रावरची बाई उठली म्हणून ती उठली, तिला पाहून मागची रांग उठली. कोठे जावयाचे ते दाराबाहेर पडेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. पुष्कळ टीकाकार यालाच मेंढरांची वृत्ती म्हणतील. मला तसे वाटत नाही. शिवणयंत्रावरून उठणे म्हणजे त्या दिवसाचा रोज पणाला लावणे असते. शेजारणीच्या उठण्यात तिने स्वतःचाच हिशेब वाचला : मुलीची फी, गावाकडचे कर्ज, नोकरी सुटली तर लागणारे पैसे. समुदायाची घडण पुढाऱ्यापासून सुरू होत नाही, ती शेजाऱ्यापासून सुरू होते. आणि शेजाऱ्याचे अचूक वाचन करणे हे तर कथाकाराचे काम आहे. व्यक्तिमनाच्या सूक्ष्म व्यापारांत मुरलेल्या मराठी कथेला हा विषय परका का वाटावा?

याच शहरातील ज्या तुरुंगात दंडवते आणि स्नेहलता रेड्डी होत्या, तेथे २००८ साली ‘फ्रीडम पार्क’ हे उद्यान झाले, आणि २०२१ च्या आदेशाने शहरातील निदर्शने त्याच आवारापुरती मर्यादित करण्यात आली. मध्यवर्ती कारागृह त्यापूर्वीच परप्पन अग्रहारला, म्हणजे आमच्या शेजारी, हलले होते. त्या उद्यानात मी अनेकदा गेले आहे. घोषणा होतात, पोलीस बाजूला बसून असतात, ठरलेल्या वेळी सर्व जण उठून जातात. लोकांना एकत्र येण्याची मोकळीक आहे, पण रस्त्यावरच्या शेजाऱ्याने त्यांना पाहण्याची सोय नाही. ज्याने पाहावयाचे तो वीस किलोमीटर दूर आहे. अशा काळात हे पाहण्याचे काम वाङ्मयावर येते.

म्हणून माझी अपेक्षा कोण्या महाकादंबरीची नाही. टीकेने प्रथम आपले माप थोडे सैल करावे, आणि समुदायाचे चित्रण करणाऱ्या कृतीला दोन प्रश्न विचारावेत : त्यातील माणसांना आपापली कारणे आहेत काय? आणि तो समुदाय चुकू शकतो याचे लेखकाला भान आहे काय? पहिल्या प्रश्नाने तुच्छतेला आळा बसेल, दुसऱ्याने पूजेला. कऱ्हाडच्या मंडपापासून होसूर रस्त्यापर्यंतचे पुष्कळसे अलिखित वाङ्मय या दोन प्रश्नांच्या मध्ये पडून आहे.

त्या बाईने सांगितलेली हकीकत मी पुढे मराठीत उतरविली. तिचे वाक्य होते, ‘नावु एद्वि’. ‘आम्ही उठलो’ असे मी लिहिले, कारण त्या दिवशी मी वरच्या रस्त्यावर होते आणि ‘आपण’ म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. भाषांतर बरोबर आहे. मात्र ते वाचताना आजही मला आपण बाहेर राहिल्याची जाणीव होते, आणि ती होत राहावी असे वाटते.